वायफायचा ड्रायव्हर: लॅपटॉपचं नाव नको, कार्डाचा गट नंबर सांगा

ताई, आधी तुमची गोष्ट थोडक्यात मांडतो, म्हणजे आणखी कुणाचं घोडं इथंच अडलं असेल तर त्यालाही धागा सापडेल. २०१६ साली घेतलेला एचपीचा पंधरा इंची लॅपटॉप. गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. लॅपटॉप मंद झाला म्हणून तालुक्याला दुरुस्तीला दिला. तिथल्या पोरानं आत एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागची वेगवान डिस्क, बसवली, विंडोज १० नव्यानं टाकून दिलं. घरी आणून उघडला, तर वायफायचं चिन्हच गायब. फोनवर उत्तर मिळालं, "एचपीचा वायफाय ड्रायव्हर डाउनलोड करून टाका." ड्रायव्हर म्हणजे आतलं कार्ड कसं चालवायचं हे लॅपटॉपला सांगणारं छोटं सॉफ्टवेअर. तुम्ही शाळेतल्या कॉम्प्युटरवरून तीन ड्रायव्हर आणून टाकले, एकही लागला नाही. मग 'सगळे ड्रायव्हर एकातच' असं एक पॅक टाकलं. त्यातून दोन ब्राउझर आणि एक अँटिव्हायरस आला, वायफाय काही आलं नाही. शेवटी तुमच्या दिरानं विंडोज पुसून लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम टाकली. आता वायफाय दिसतं, पण मोबाईल लॅपटॉपला टेकवून ठेवला तरच. खोलीच्या दारापर्यंत गेलं की नेटवर्क नाहीसं. स्कॉलरशिपचे फॉर्म सुरू आहेत, पोट्टे दारात उभे आहेत, आणि तुम्ही विचारता, "भाऊ, नेमका कोणता ड्रायव्हर टाकू?"

मला आतल्या एका वायफाय कार्डाचा दाट संशय आहे, तो पुढे सांगतोच. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वीस वर्षं हेच काम करून राहिलो, आणि या प्रश्नाचं उत्तर लॅपटॉपच्या नावावरून द्यायचं मी कधीच सोडून दिलं. संशय खरा की खोटा, हे तुमचाच लॅपटॉप दोन मिनिटांत सांगेल.

त्याआधी नेट सुरू करून घ्या, म्हणजे गिऱ्हाईक परत जाणार नाही. मोबाईलची केबल लॅपटॉपला लावा, मग मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग', म्हणजे मोबाईलचं नेट केबलीतून लॅपटॉपला देणं, चालू करा. केबल लावल्याशिवाय ते बटण दबत नाही, म्हणून क्रम लक्षात ठेवा. मिंटमध्ये काहीही टाकावं लागत नाही, काही सेकंदांत तारेचं कनेक्शन जोडलं गेल्याचं चिन्ह खाली कोपऱ्यात येतं. विंडोज १० आणि ११ मध्येही अँड्रॉइड मोबाईल असाच चालतो. बटण दबतच नसेल तर मोबाईलला दोष देण्याआधी केबल बदला. बाजारात चाळीस-पन्नास रुपयांच्या ज्या केबली मिळतात, त्यातल्या बऱ्याच फक्त चार्जिंगच्या असतात. आत डेटाच्या तारा नसतातच. माझ्याकडे 'टेदरिंग होत नाही' म्हणून येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचं काम केबल बदलून होतं आणि मला चहाचेही पैसे मिळत नाहीत.

आता मूळ मुद्दा. तुम्ही सातबारा काढायला गेलात आणि म्हणालात, "आमचं वावर नाल्याच्या पलीकडे, बाभळीजवळ आहे," तर तलाठी काय म्हणेल? गाव सांगा, गट नंबर सांगा. 'एचपी पंधरा' हे नाव म्हणजे ती नाल्याजवळची बाभूळ. त्या एका नावाखाली कंपनीनं कितीतरी लॅपटॉप विकले, आणि आतलं वायफायचं कार्ड कुणात रियलटेकचं, कुणात इंटेलचं, कुणात ब्रॉडकॉमचं. डेल, लेनोवो, एसर सगळ्यांचं असंच. म्हणून कंपनीच्या साइटवर एका मॉडेलसमोर तीन-चार वायरलेस ड्रायव्हर दिसतात. तुम्ही टाकलेले तीनही ड्रायव्हर चांगलेच असतील, फक्त ते दुसऱ्यांच्या कार्डांचे होते.

कार्डाचा गट नंबर कार्डातच लिहिलेला असतो. ड्रायव्हर नसला तरी तो वाचता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पहिली चार अक्षरं म्हणजे गाव, म्हणजे चिप बनवणारी कंपनी. पुढची चार म्हणजे गट नंबर, म्हणजे नेमकी चिप. त्याच्यापुढे आणखी एक लांब आकडा येतो, तो पोटहिस्सा: ते कार्ड कोणत्या लॅपटॉप कंपनीसाठी बनवलं त्याची खूण. गावं तोंडपाठ करायला सोपी आहेत. ८०८६ म्हणजे इंटेल (१९७८ साली आलेल्या त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच हा आकडा, म्हणून माझ्या कधी विस्मरणात जात नाही), १०ईसी म्हणजे रियलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस, जी पुढे क्वालकॉमकडे गेली, आणि १४सी३ मीडियाटेक.

मिंटमध्ये हा नंबर असा काढा. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. मी खाली अक्षरं उच्चारतो तशी लिहितो, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं घ्या. एल एस पी सी आय, मग एक स्पेस, मग आडवी छोटी रेघ आणि तिला चिकटून एन एन के. एंटर. बऱ्याच ओळी धावतील. त्यातली 'नेटवर्क कंट्रोलर' असं लिहिलेली ओळ शोधा. 'इथरनेट कंट्रोलर' नको, ते तारेच्या नेटचं. ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात चार अक्षरं, विसर्गासारखी दोन टिंबं, पुन्हा चार अक्षरं असतील. खाली 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असेल, तर कार्डाला ड्रायव्हर लागलेला आहे. ती नसेल तर नाही. आणि मूळची 'नेटवर्क कंट्रोलर' ओळच नसेल, तर ड्रायव्हर शोधणं तिथंच थांबवा. कार्ड सैल आहे, बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये) बंद आहे किंवा मेलेलं आहे. ज्या कार्डाची हजेरीच लागत नाही, त्याला कोणताही ड्रायव्हर चालू करत नाही.

नंबर हातानं उतरवू नका, मोबाईलनं फोटो काढा. बी ला आठ आणि शून्याला ओ वाचून लोकांनी माझे कित्येक तास खाल्ले आहेत. या नंबरांत शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढंच येतं. ओ हे अक्षर त्यात असूच शकत नाही.

माझा संशय असा की तुमच्या ओळीत १०ईसी आणि बी७२३ येईल. ही रियलटेकची आरटीएल८७२३बीई चिप. त्या काळातल्या स्वस्त एचपी लॅपटॉपांत ती मी पुष्कळ पाहिली, आणि तुम्ही सांगितलेलं लक्षण तिच्या अंगात मुरलेलं आहे. कार्डावर अँटेनेची दोन तोंडं, पण पैसे वाचवायला अनेक लॅपटॉपांत तार एकाच तोंडाला जोडलेली. लिनक्सचा ड्रायव्हर कधीकधी नेमकं दुसरं, रिकामं तोंड धरून बसतो. मग कार्ड चालू असतं, ड्रायव्हर बरोबर असतो, आणि तरी हातभर अंतरावरचंच ऐकू येतं. म्हणजे ताई, तुम्हाला नवा ड्रायव्हर नकोच आहे. आहे त्या ड्रायव्हरला 'अगा, तार त्या बाजूला आहे' एवढं सांगायचं आहे.

त्यासाठी एक छोटी फाइल करावी लागते. मिंटमध्ये फाइलींची खिडकी उघडा, डावीकडे 'फाइल सिस्टम' दाबा, आत 'ईटीसी' नावाचं फोल्डर, त्याच्या आत 'मॉडप्रोब डॉट डी' नावाचं फोल्डर. तिथं मोकळ्या जागेवर उजवं बटण दाबून 'ओपन अ‍ॅज रूट' घ्या, पासवर्ड द्या. लाल पट्टी असलेली नवी खिडकी येईल. तिच्यात एक नवी रिकामी फाइल करा, नाव द्या आरटीएल८७२३बीई डॉट सीओएनएफ, इंग्रजीत, सगळं लहान अक्षरांत. फाइल उघडून एकच ओळ लिहा: ऑप्शन्स हा शब्द, स्पेस, पुन्हा आरटीएल८७२३बीई, स्पेस, मग ए एन टी, खालची रेघ म्हणजे अंडरस्कोर, एस ई एल, बरोबरचं चिन्ह, आणि २. बरोबरच्या चिन्हाच्या मागेपुढे जागा सोडू नका. जतन करा, लॅपटॉप पूर्ण बंद करा, पुन्हा चालू करा. फरक पडला नाही तर २च्या जागी १ करून तेच पुन्हा. कुठल्या लॅपटॉपात १ चालेल आणि कुठल्यात २, हे बाहेरून ओळखायची खूण मला आजवर सापडलेली नाही, मी सरळ दोन्ही करून पाहतो.

फरक पडला की नाही हे चिन्हातल्या रेघांवरून ठरवू नका, डोळा फसतो. टर्मिनलमध्ये एन एम सी एल आय, स्पेस, डिव्हाइस, स्पेस, वायफाय असं टाइप करा. आजूबाजूची सगळी नेटवर्कं येतील आणि प्रत्येकासमोर शंभरपैकी सिग्नलचा आकडा. मोबाईल दारातल्या कोनाड्यात ठेवा, लॅपटॉप टेबलावर, जागा बदलू नका. आधीचा आकडा कागदावर लिहा, नंतरचा त्याच्याखाली. माझ्याकडे आलेला असा एक लॅपटॉप २२वर होता, ही एक ओळ लिहिल्यावर ८०च्या आसपास गेला. ज्याचा होता तो म्हणाला, "काहून जी, एवढ्याशा एका आकड्यासाठी मी दोन महिने परेशान?" होय जी.

आता दुसरी शक्यता, आणि ती मी टाळणार नाही, कारण तुमच्या प्रश्नातच ती लिहिलेली आहे: एसएसडी बसवली. म्हणजे पाठ उघडली. अँटेनेची तार कार्डाला टिचकीच्या बटणासारखी बसते, ते बटण ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. हार्ड डिस्क काढताना हात लागून ते निघू शकतं, आणि ज्यानं उघडलं त्याला कळतही नाही. १ आणि २ दोन्ही करून आकडा हलला नाही, तर तार निघालेली किंवा अर्धवट बसलेली आहे असं धरा. एक पडताळा आणखी आहे: विंडोजमध्ये बरोबर ड्रायव्हर टाकल्यावर सिग्नल चांगला आणि मिंटमध्येच कमी, तर दोष सेटिंगचा. दोन्हीकडे कमी, तर दोष तारेचा. स्वतः उघडू नका. ज्यानं उघडलं त्याच्याकडेच न्या, तुमच्यासमोर उघडायला लावा, आणि भांडू नका, एवढंच म्हणा, "अँटेनेची तार बसली का बघा." बॅटरी सोडवल्याशिवाय त्यानं आत हात घालायचा नाही, हे मात्र बजावून सांगा. लॅपटॉपची बिजागरी तुटलेली असेल तर तीही दाखवा. अँटेना स्क्रीनच्या कडेला असते, तिची तार बिजागरीतून खाली येते, आणि तुटक्या बिजागरीत ती चिरडलेली मी पाहिली आहे. एका गुरुजींनी बिजागरी घट्ट बसावी म्हणून लोखंडी पट्टी आणि स्क्रू मारला होता, तो थेट तारेतून गेला होता.

तिसरी गोष्ट अगदी बारीक, पण तिनं भलेभले चकतात. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकते. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क तिच्यासाठी अस्तित्वातच नाही. मोबाईलचा हॉटस्पॉट ५वर लावलेला असला, तर तो लॅपटॉपला कधीच दिसणार नाही, मग मोबाईल टेकवा की डोक्यावर ठेवा. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'बँड' असं काहीतरी असतं, ते २.४ करा. तुम्हाला जवळून दिसतं म्हणजे तुमचा बँड बरोबर असावा. पण दिराचा मोबाईल दिसतो आणि तुमचा दिसत नाही असं कधी झालं, तर आधी हे पाहा. राउटर वापरणाऱ्यांसाठी याच जातीची दुसरी गोष्ट: आपल्याकडे २.४ मध्ये १३ चॅनेल चालतात, पण अमेरिकेच्या नियमावर बसवलेलं कार्ड १२ आणि १३ ऐकत नाही. राउटर १, ६ किंवा ११वर ठेवला की तो प्रश्नच मिटतो.

आणि सिग्नल भरपूर, पण दर दोन मिनिटांनी नेट दम खातं, असं असेल तर ती वीज वाचवायची सवय आहे. मिंटमध्ये 'ईटीसी'मधल्या नेटवर्क मॅनेजर फोल्डरात 'कॉन्फ डॉट डी' आहे, त्यातल्या पॉवरसेव्हच्या फाइलीत ३च्या जागी २ करायचे. विंडोजमध्ये कार्डाच्या गुणधर्मांत 'पॉवर मॅनेजमेंट'चा टॅब, त्यातली वीज वाचवायला उपकरण बंद करू देण्याची खूण काढायची.

आता विंडोजकडे वळतो, कारण तुम्हाला ते पुन्हा लागणार आहे. अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच येतं, डिजिटल सहीच्या डोंगलचंही लिनक्सवर झेंगट होतं. दिरानं केलं ते चुकीचं नव्हतं: विंडोज १०चा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि २०१६च्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे घरात घेत नाही. पण दुकानाच्या कामाला दोन्ही ठेवावं लागेल असं मला वाटतं. रोजचं नेट मिंटवर आणि अंगठ्यापुरतं विंडोज. लोकांचे आधार आणि बँकेचे खाते नंबर तुमच्या हातून जातात, म्हणून नव्या लॅपटॉपसाठी या कापसाच्या हंगामापासूनच पैसे बाजूला टाकायला लागा, हेही सांगून ठेवतो.

विंडोज नव्यानं टाकल्यावर वायफाय का जातं? त्याच्या पोटात पुष्कळ कार्डांचे ड्रायव्हर असतात, पण सगळ्यांचे नाहीत. उरलेले ते अपडेटमधून नेटवरून आणतं. आणि नेट यायला ड्रायव्हर हवा. किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून. म्हणून सगळ्यात सोपा इलाज पुन्हा तोच: डेटाची केबल लावा, टेदरिंग करा, 'विंडोज अपडेट' चालवा, त्यातल्या ऐच्छिक अपडेटांचं पान उघडून ड्रायव्हर आहेत का पाहा, आणि अर्धा तास हात लावू नका. दहापैकी सात लॅपटॉप इथंच उठून बसतात. डेटा मात्र खातं, त्या दिवशीचं पॅक पाहून बसा.

तिथं नाही मिळालं तर गट नंबर. स्टार्टवर उजवं बटण, 'डिव्हाइस मॅनेजर'. 'अदर डिव्हायसेस'खाली पिवळं चिन्ह घेऊन 'नेटवर्क कंट्रोलर' बसलेलं असेल. त्याचे गुणधर्म उघडलेत तर कोड २८ दिसेल, म्हणजे ड्रायव्हर नाही, एवढंच. कोड १० असेल तर ड्रायव्हर आहे, पण कार्ड सुरू होत नाही, म्हणजे बहुधा चुकीचा किंवा बिघडलेला ड्रायव्हर. आधी तो काढून टाका. 'डिटेल्स'च्या टॅबमध्ये यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. पहिली ओळ सगळ्यात लांब असेल. तिच्यात व्हेन या अक्षरांपुढे गाव, डेव्ह पुढे गट नंबर, सबसिस पुढे पोटहिस्सा.

हा नंबर घेऊन दोन दारं ठोठवायची. पहिलं लॅपटॉप कंपनीचं. तिथं मॉडेल टाकू नका, लॅपटॉपच्या पोटावरचा सिरियल नंबर टाका, डेलला सर्व्हिस टॅग म्हणतात. तीन-चार वायरलेस ड्रायव्हर आले तर आता तुम्हाला गाव माहीत आहे, १०ईसी असेल तर रियलटेकचाच उचला. दुसरं दार म्हणजे मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग. मायक्रोसॉफ्टची स्वतःची साइट, फुकट, आणि तिथल्या शोधाच्या चौकटीत हार्डवेअर आयडी जसाच्या तसा चालतो. पूर्ण ओळ टाकून काही आलं नाही तर पोटहिस्सा सोडा, गाव आणि गट नंबर एवढ्यावर शोधा. यादीत तुमचं विंडोज कोणतं आणि ६४ बिट की ३२, हे पाहून घ्या. जुन्या लॅपटॉपांवर ३२ बिटचं विंडोज अजूनही सापडतं, आणि त्यावर ६४चा ड्रायव्हर काही केल्या बसत नाही. उतरेल ती फाइल कॅब जातीची असते. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की आतल्या फाइली दिसतात, त्या सगळ्या एका नव्या फोल्डरात टाका. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या चिन्हावर 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', आणि ते फोल्डर दाखवा. तो फोल्डरातून आपलं कार्ड स्वतः ओळखतो. ओळखलं नाही तर जबरदस्तीनं यादीतून दुसरं निवडू नका, नंबर पुन्हा जुळवा.

ती 'सगळे ड्रायव्हर एकात' पॅकं माझ्या दुकानात बंद आहेत. कधीकधी चालतात, हे खरं. पण त्यांच्यासोबत काय काय आत शिरलं, हे शोधण्यात ड्रायव्हर शोधण्याच्या दुप्पट वेळ जातो, आणि ज्या मशीनवर लोकांचे पासवर्ड टाइप होतात तिथं असा पाहुणा नको.

वाचणाऱ्यांपैकी कुणी नुकतंच विंडोज टाकलं असेल आणि डिस्क पूर्ण पुसली नसेल, तर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' आहे का पाहा. जुने ड्रायव्हर त्याच्या आत 'ड्रायव्हर स्टोअर'मध्ये असतात, आणि अपडेट ड्रायव्हरला ते फोल्डर दाखवता येतं. आजच करा, साधारण दहा दिवसांनी विंडोज ते आपोआप साफ करतं. एचपीच्या जुन्या डिस्कवर 'एसडब्ल्यूसेटअप' नावाचं फोल्डर असतं, तेही सोन्याचं. ताई, तुमची जुनी हार्ड डिस्क त्या पोराकडेच राहिली का? परत मागा. ड्रायव्हर तर आहेतच, शिवाय तुमचा आणि गिऱ्हाइकांचा डेटाही तिच्यावर आहे.

माझा संशय चुकला आणि तुमच्या ओळीत १४ई४ आलं, तर गोष्ट वेगळी. ब्रॉडकॉमच्या काही चिपा, मी जास्त पाहिलेली १४ई४ आणि ४३६५ ही बीसीएम४३१४२, मिंटमध्ये आपोआप चालत नाहीत. कंपनीचा बंद ड्रायव्हर लागतो, पण तो मिंटच्या पेनड्राइव्हवरच असतो. ज्या पेनड्राइव्हनं मिंट टाकलं तीच लावा, मेन्यूतून 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, तो पेनड्राइव्ह वापरू का असं विचारेल. टेदरिंग चालू असेल तर तेही लागत नाही. 'सिक्युअर बूट', म्हणजे अनोळखी ड्रायव्हर अडवणारी बायोसची सेटिंग, चालू असेल तर तो मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगतो, आणि पुढच्या वेळी लॅपटॉप चालू होताना निळा पडदा येतो. लोक घाबरून तिथं 'कंटिन्यू' दाबतात आणि ड्रायव्हर बंदच राहतो. 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. दुसरा रियलटेक, १०ईसी आणि सी८२१, म्हणजे आरटीएल८८२१सीई, याला लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.९ किंवा पुढचं हवं. मिंट २२ मध्ये ६.८ आहे, म्हणून नवं मिंट टाकलं की भांडण संपलं. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंत त्याच्यासाठी लांबलचक आज्ञा सांगतात, त्या आता करू नका.

दोन्ही सिस्टीम एका लॅपटॉपात ठेवाल तेव्हा विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, ते पॉवर ऑप्शन्समध्ये आहे. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, डुलकी घेतं, आणि कार्डालाही झोपवून ठेवतं. मग मिंटमध्ये कार्ड उठत नाही आणि आपण ड्रायव्हरला शिव्या देतो.

कार्डच गेलं असेल तर नवं कार्ड बसवण्याआधी विचारून घ्या, जुन्या एचपी आणि लेनोवोच्या बायोसमध्ये मंजूर कार्डांची यादी असते, यादीबाहेरचं कार्ड दिसलं की लॅपटॉप सुरूच होत नाही. त्यापेक्षा यूएसबी डोंगल बरा. त्यातही नावावर जाऊ नका. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन या एकाच नावाखाली पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रियलटेकची आली. मिंटवर मला मीडियाटेकच्या एमटी७६०१यू चिपचे स्वस्त डोंगल बिनतक्रार चाललेले आहेत. काही डोंगल लावल्यावर सीडीसारखे दिसतात, आत विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. मिंटमध्ये ती सीडी 'इजेक्ट' केली की बहुतेक वेळा आतलं वायफाय जागं होतं.

विंडोज बसून वायफाय चालू झालं की त्याच दिवशी एक काम करा. पेनड्राइव्हवर ड्रायव्हर नावाचं इंग्रजीत फोल्डर करा. 'कमांड प्रॉम्प्ट' अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि टाइप करा: पी एन पी यू टी आय एल, स्पेस, पुढे झुकलेली तिरपी रेघ आणि तिला चिकटून एक्स्पोर्ट, आडवी छोटी रेघ, ड्रायव्हर, स्पेस, चांदणी, स्पेस, आणि पेनड्राइव्हच्या त्या फोल्डरचा पत्ता. बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर येतील. १६ जीबीची पेनड्राइव्ह पुरते. पुढच्या वेळी कुणीही विंडोज टाकलं की पिवळ्या चिन्हाला ते फोल्डर दाखवायचं. माझ्याकडे येणारा प्रत्येक लॅपटॉप मी पुसण्याआधी हे करतो, पाच मिनिटं लागतात. तुमच्या तालुक्याच्या पोरानं ती पाच मिनिटं वाचवली.

तुम्ही आधी १ आणि २चा प्रयोग करा. नाही जमलं तर मला तीन फोटो पाठवा: 'नेटवर्क कंट्रोलर'ची ओळ आणि तिच्याखालच्या दोन-तीन ओळी, सिग्नलच्या आकड्यांची यादी, आणि आर एफ किल, स्पेस, लिस्ट या आज्ञेचं उत्तर. शेवटच्यात कार्ड बटणानं किंवा सेटिंगनं अडवलेलं आहे का ते दिसतं. फोटोत ओळीचा उजवा कोपरा कापू नका, गट नंबर तिथंच असतो.